भोंगा मोठ्यांसाठीही होता

मुलांच्या मोबाइलच्या व्यसनावरच्या तुमच्या लेखात मोहित्यांच्या वडगावचा उल्लेख केलात ते बरं झालं, पण 'मुलांचे मोबाइल बंद करणारं गाव' हे अर्धंच झालं. सांगली जिल्ह्यातल्या या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजायला लागला आणि साडेआठपर्यंत मोबाइलच नाही, टीव्हीसुद्धा बंद. मुलांबरोबर मोठ्यांचेही! त्या प्रयोगातली खरी मेख तीच आहे, आणि लेखातून नेमकी तीच गळली. पोरगं पुस्तक उघडून बसलंय आणि बाजूला बाप रील्स बघत खिदळतोय, अशानं काय होणार?

हा बाप मीच, म्हणून सांगतो. मुलगा सातवीत आहे. 'मोबाइल काढून घ्या' म्हणणं सोपं आहे हो, पण त्याच्या शाळेचा गृहपाठच रोज संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. वहीत लिहून द्या म्हटलं, तर उत्तर मिळालं, 'सगळ्या पालकांना हेच सोयीचं पडतं.' म्हणजे फोन आपणच हातात द्यायचा आणि वर व्यसन लागलं म्हणून ओरडायचं. शेवटी गृहपाठ हिनं कागदावर उतरवून द्यायचा आणि ८ ते साडेनऊ तिघांचेही फोन फ्रिजवर, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात पोरगं निवांत होतं. पाणी प्यायच्या निमित्तानं फ्रिजकडे चार-चारदा जात होतो तो मी.