‘इजेक्ट’ अजून मोडीत निघालेले नाही

बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेण्याबद्दलच्या एका लेखात म्हटले आहे की आताच्या विंडोजमध्ये ‘इजेक्ट’ न करता, म्हणजे डिस्क काढतो आहोत हे संगणकाला आधी न सांगता, ती सरळ काढली तरी चालते. हे अर्धेच खरे आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून (२०१८) बाहेरच्या डिस्कला ‘क्विक रिमूव्हल’ हा पर्याय आपोआप लागू होतो, म्हणजे लिहायचा डेटा मेमरीत रेंगाळत ठेवला जात नाही. पण कॉपी चालू असताना केबल उपसली तर तो पर्याय काय करणार? शिवाय बॅकअपचे सॉफ्टवेअर किंवा अँटिव्हायरस पाठीमागे गुपचूप लिहीत-वाचत असते, ते पडद्यावर दिसतही नाही. एक्सफॅट या डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत जर्नलिंग, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय, नसल्याने अर्धवट लिखाण तिथे जास्त महागात पडते. मॅक आणि लिनक्सवर तर इजेक्ट हवेच.

‘डिव्हाइस वापरात आहे’ असा संदेश हटत नसेल तर संगणक बंद करून मगच डिस्क काढावी. फिरत्या तबकडीची असेल तर घरघर थांबेपर्यंत हलवू नये.

बॅकअपच्या सॉफ्टवेअरबद्दल माझे मत जरा कडक आहे. नुसते सिंक करणारे, म्हणजे दोन जागा सारख्या ठेवणारे, साधन म्हणजे बॅकअप नव्हे. रोबोकॉपी या विंडोजमधल्या फाइली कॉपी करणाऱ्या आज्ञेचा ‘मिर’ (/MIR) पर्याय मूळ जागी पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसतो, तीही न विचारता! जुन्या आवृत्त्या जपणारेच साधन घ्यावे. मॅकवर टाइम मशीन, विंडोजवर फाइल हिस्टरी बहुतेकांना पुरते. आणि निवडण्याआधी एखादे फोल्डर परत आणून बघा. जाहिरातीत बॅकअपचा वेग सांगतात, रिस्टोअरचा क्वचितच.