बरोबरचं बटण कुठंय?

सासरे ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी त्यांचा जुना कॅल्क्युलेटर मला दिला. जावई नेरुळच्या सोसायटीचा खजिनदार, तेव्हा कामाला येईल, हा हेतू. त्यावर बरोबरचं चिन्हच नाही. एन्टर नावाचं एक ऐसपैस बटण आहे.

रीत अशी की आकडे आधी, चिन्ह शेवटी. दोन, एन्टर, तीन, अधिक. की पाच हजर. आधीचे आकडे आत मजल्यांसारखे एकावर एक थांबतात, आणि चिन्ह दाबलं की खालच्या दोघांचा हिशोब होतो. पोलंडच्या यान लुकासिएविच या तर्कशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात सूत्रं कंसाशिवाय लिहायची पद्धत काढली. तिच्यात चिन्ह आधी येई, पुढे कुणीतरी ती उलटी केली. १९७२ साली ३९५ डॉलरला आलेला एचपी कंपनीचा एचपी-३५ हा कॅल्क्युलेटर याच उलट्या रीतीचा. तीन अधिक चार गुणिले पाच अधिक सहा, दोन्ही बेरजांना कंस, असलं गणितही ३ एन्टर ४ +, ५ एन्टर ६ +, × असं सरळ दाबत गेलं की ७७ येतात. खरं तर आपण मराठीत 'दोनात तीन मिळव' असंच म्हणतो, मिळवणं शेवटीच. पण हे मीटिंगमध्ये कोण ऐकून घेतो?

परवा टँकरचे ४,२०० आणि पंप दुरुस्तीचे ८५० मिळवायचे होते. अध्यक्ष म्हणाले, "आणा इकडे." त्यांनी ४२०० दाबले, अधिक दाबलं, ८५० दाबले आणि बरोबर शोधू लागले.

"बरोबरचं बटण कुठंय हो?"

"नाहीये, काका."

"नाहीये म्हणजे?" म्हणत त्यांनी सगळ्यात मोठं बटण दाबलं. पडद्यावर ८५०च.

"बघा! साडेआठशेच होतायत."

"काका, ४२०० आत आहेत, वरच्या मजल्यावर."

"वरच्या मजल्यावर पाणीच चढत नाही, पैसे कुठून चढणार?" असं म्हणून त्यांनी पुन्हा अधिक दाबलं. एन्टरने ८५० दोनदा झाले होते, त्यामुळे १,७००. आणखी एकदा. वरचे ४२०० मिळून ५,९००. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तोवर वहीच्या मागे हाताने बेरीज करून ५,०५० लिहिलं होतं.

अध्यक्षांना मात्र पहिला आकडाच पसंत पडला. ८५० एकमताने मंजूर झाले. टँकरवाल्याला हे कुणी कळवायचं, एवढंच पुढच्या मीटिंगवर ढकललंय.