हार्ट अटॅकच म्हणा

मिरजेला माझा मामेभाऊ झोपेतच गेला. चौतिशीचा होता. सकाळी चहाला उठेना म्हणून बघायला गेले, तर पालथा, जीभ चावलेली. त्याला लहानपणापासून फिट यायच्या हे साऱ्या घराला ठाऊक. तरी घरच्या ग्रुपवर 'हार्ट अटॅक'. मी लिहिलं की अपस्मारात असा अचानक मृत्यू येऊ शकतो, वर्षाला हजार रुग्णांत साधारण एकाला. (तेराव्याच्या आधी लिहायला नको होतं, मान्य.) थोरल्या मामांचं उत्तर आलं, "तिकडे बसून शहाणपणा शिकवू नकोस. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून."

तिकडे म्हणजे अमेरिकेत, बाल्टिमोरला. लेक्सिंग्टन मार्केटला जाताना भयकथा लिहिणाऱ्या एडगर ॲलन पोची कबर लागते. वर लोकांनी ठेवलेली सेंटची नाणी. 3 ऑक्टोबर 1849 ला हा माणूस इथे एका गुत्त्यापाशी अर्धवट शुद्धीत सापडला, अंगावर दुसऱ्याचेच कपडे. 7 तारखेला गेला, वय 40. का गेला, यावर इथले लोक अजून खुशाल भांडतात. 1996 मध्ये एका डॉक्टरनं रेबीज म्हटलं. 1999 मध्ये कार्ल बाझिल या मेंदूविकारतज्ज्ञानं लिहिलं की ज्या भ्रमाच्या झटक्यांचं खापर दारू-अफूवर फुटलं, ते फिटचे असू शकतात. 'बेरेनिस' या त्याच्या 1835 च्या कथेत अपस्मार असलेल्या मुलीला मेली समजून पुरतात, म्हणजे दुखणं त्याच्या डोक्यात होतंच. आमच्याकडे असं उघड बोलेल कुणी? त्याच 1999 मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी निघाली. मामांच्या कायद्यातून नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकणार होते. पण तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी पोच्या मृत्यूचं कारण काय छापलं होतं? 'मेंदूत रक्त साकळलं.' दारूसारख्या भानगडींवर घालायचं तेव्हाचं ठरलेलं पांघरूण. म्हणजे हार्ट अटॅकच की!

आणि मी? मामेभावाला फिट आली की नाकाशी धरायला कोल्हापुरी चप्पल आणायला मीच धावायचे. पुण्याच्या होस्टेलवर मला पहिली फिट आली, ती फक्त आईला कळली. लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं, सासरी अजून नाही. इथे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. मीटिंगमध्ये नऊचा गजर झाला की कुणीतरी पाण्याची बाटली पुढे सरकवतं. त्याचा मला केवढा अभिमान! पण यातल्या कुणाला माझ्या मुलीसाठी स्थळ बघायचंय? कोण लागतात ते माझे?

मामांना उत्तर दिलं नाही. डिसेंबरात मिरजेला जायचंय. गोळ्या नेहमीप्रमाणे व्हिटॅमिनच्या डबीत भरल्यात.