साडेअठरा फूट आणि एक बाही

लेकीच्या कॉलेजची फुटबॉल टीम माझ्या स्वेटरमुळे हरली. हे माझं मत नाही, मागच्या रांगेतल्या आजोबांचं आहे. आठवडा झाला, माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

हे अमेरिकेतलं फुटबॉल. ६० मिनिटांचा खेळ, चालतो साडेतीन तास. सीझनमध्ये १२ सामने. ६ जिंकले तर पुढे 'बोल गेम', म्हणजे सीझननंतरचा जादा सामना, खेळायचा मान मिळतो. आमचे ५ जिंकून आणि ६ हरून झालेले, आणि हा शेवटचा. नोव्हेंबर संपत आलेला. लेक विद्यार्थ्यांच्या घोळक्यात, मी एकटा ॲल्युमिनियमच्या गारठलेल्या बाकावर. पिशवी गेटवरच अडवली होती. आतलं सगळं दिसेल अशी पारदर्शकच लागते म्हणे. शाल त्या पिशवीत.

"ते काढा," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. ऐंशीच्या घरातले आजोबा. टोपीचा मूळ रंग फक्त शिवणीत उरलेला. कानात रेडिओची वायर. रेडिओवरची कॉमेंट्री दोन-चार सेकंद मागे, त्यामुळे प्रत्येक चुकीला ते दोनदा कण्हायचे. एकदा बघून, एकदा ऐकून.

"काय काढू?"

"स्वेटर. तो त्यांचा रंग आहे."

समोरची टीम खरंच नखशिखांत डाळिंबी होती.

"अहो, हा माझ्या बायकोनं विणलाय."

"तिला माहीत नव्हतं," आजोबा मोठ्या मनानं म्हणाले. "तुम्हाला आता माहीत झालंय."

इंग्रजीत 'यू' एकच असतो, म्हणून मी सभ्यपणे 'तुम्ही' लिहितोय. तो 'तू' होता.

आमच्याकडे वनडेच्या वेळी काकांना एका कुशीवर तासन्‌तास झोपवून ठेवायचे, विकेट पडू नये म्हणून. तेव्हा मी हसायचो. इथे निमूटपणे स्वेटर काढून मांडीवर घेतला. आणि आमची पोरं धावायलाच लागली की! आजोबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी कुडकुडत होतो आणि लाज वाटते सांगायला, सुखावलोही होतो.

खाली कोच गळा फाडून ओरडत होता. इथल्या बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच. गव्हर्नरसुद्धा मागे. लेकीला केमिस्ट्री शिकवणारे सर मात्र दोन कॉलेजांत शिकवून घरभाडं भागवतात. त्यांच्यासाठी कुणी थंडीत स्वेटर काढल्याचं ऐकिवात नाही. फी भरताना हे मला हटकून आठवतं.

असो. शेवटचे तीन सेकंद. दोन गुणांनी मागे. फील्ड गोल मारला की जिंकलो. दोन खांबांमध्ये साडेअठरा फुटांची जागा, त्यातून चेंडू पलीकडे जायला हवा. पोरगा किक मारणार, तेवढ्यात समोरच्या कोचनं टाइमआउट घेतला. मारणाऱ्याचं मन डळमळावं म्हणून हे करतात. त्याचं डळमळलं की नाही कोण जाणे, माझं डळमळलं. दातावर दात वाजत होते. मी हळूच एक बाही चढवली. एकच!

चेंडू उजव्या खांबावर ठणकन आदळला.

आजोबा कण्हले. मग रेडिओ ऐकून पुन्हा कण्हले. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"मुलगी इथेच शिकते?"

"हो."

"अजून किती वर्षं?"

"दोन."

आजोबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले.