३६ टक्क्यांचा जाब

आज आमच्या कार्यालयातील साप्ताहिक आढावा बैठकीत एका तरुण सहकारी मुलीला सर्वांसमोर जाब विचारण्यात आला आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. "मागच्या आठवड्यात ८० टक्के होतं, आज ३६ कसं? क्लायंटला काय सांगू मी?" असे आमच्या व्यवस्थापकांनी तिला विचारले. तिने आपले काम मन लावून तपासले होते आणि त्यात जे सापडले ते कामाची प्रगती दाखवणाऱ्या फलकावर मांडले होते, म्हणूनच हा प्रश्न तिच्या वाट्याला आला.

काम असे होते की एका संस्थेच्या जुन्या सभासदांची माहिती नव्या प्रणालीत आणायची. त्याखाली पाच उपकामे लावलेली होती, त्यांतील चार पूर्ण झाली होती, आणि चार भागिले पाच असा सरळ भागाकार करून फलक ८० टक्के दाखवत होता. पाचवे उपकाम होते 'सभासदांची नावे युनिकोडमध्ये बदलणे', म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत आणणे. ज्यांनी जुन्या मराठी फॉन्टमधील मजकूर हाताळला आहे त्यांना या चार शब्दांच्या नावात काय दडलेले असते हे सांगायला नको. त्या फॉन्टमध्ये 'किशोर' लिहिताना वेलांटी आधी साठवलेली असते आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा लागतो. 'वर्षा'मधला रफार तिथे अक्षरानंतर येतो, तर युनिकोडमध्ये तो 'र्' होऊन 'ष'च्या आधी जावा लागतो. शिवाय जोडाक्षरे वेगळी, एकाच रकान्यात मिसळलेली इंग्रजी आद्याक्षरे वेगळी, आणि शेवटी माणसाने डोळ्यांनी करायची पडताळणी वेगळी. तिने अशी सहा उपकामे शोधून काढली. आमचा फलक ज्यावर चालतो त्या जिरा या सॉफ्टवेअरमध्ये सब-टास्कच्या (उपकामाच्या) खाली आणखी सब-टास्क लावता येत नाही, त्यामुळे ती तिला पाचव्याच्या पोटात न ठेवता त्याच्या शेजारीच उघडावी लागली. एकूण अकरा झाली, पूर्ण झालेली चारच राहिली, आणि आकडा ३६ वर आला.

ती हळू आवाजात एवढेच म्हणाली, "सर, काम वाढलेलं नाही, ते आधीपासून होतंच, आता फक्त दिसतंय." यावर बैठकीत कोणीही काही बोलले नाही. याहून नेमके उत्तर मी तरी आजवर कुठल्या आढाव्यात ऐकलेले नाही. गिलावा खरवडल्यावर आत ओल सापडली, तर कोणी गवंड्याला दोष देत नाही.

खोटा होता तो आधीचा ८० चा आकडा, आणि त्याबद्दल मात्र कोणालाही जाब विचारला गेला नव्हता. सर्व्हरवर जागा तयार करणे आणि हजारो नावांमधले रफार जागेवर बसवणे या दोन कामांना सारखेच वजन देणारा भागाकार प्रगती मोजतच नाही, तो फक्त खुणा मोजतो. हे टाळण्याचे मार्ग आपल्या व्यवसायात जुनेच आहेत. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे नियोजनाचे सॉफ्टवेअर वरच्या कामाची टक्केवारी उपकामांच्या संख्येवरून न काढता त्यांच्या कालावधीवरून काढते. ॲपलच्या फाउंडेशन या प्रोग्रॅमरांसाठीच्या लायब्ररीत २०१३ पासून जी प्रगतीची व्यवस्था आहे, तिच्यात वरचे काम प्रत्येक उपकामाला आपल्यातला ठरावीक वाटा देते आणि ते उपकाम स्वतःच्या पोटात हवे तितके तुकडे करू शकते. आमच्या पाचव्या उपकामाला आरंभीच ६० टक्के वाटा दिला असता, तर मागच्या आठवड्यातही ४० दिसले असते आणि आजही ४०. पोटातून सहा तुकडे निघोत की साठ, वरचा आकडा जागचा हलला नसता. हा वाटाही शेवटी अंदाजानेच ठरतो, हे मान्य.

आकडा मागे गेला की पाहणाऱ्याला काहीतरी बिघडल्यासारखे वाटते, हेही मान्य. एक्लिप्स या प्रोग्रॅमरांच्या साधनात तर 'आता इतके काम उरले' असे प्रोग्रॅमला मध्येच सांगता येते आणि पडद्यावरच्या प्रगतीच्या पट्टीची उरलेली जागा नव्याने वाटली जाते, म्हणजे पट्टी मागे सरकतच नाही. संगणक फाइली हलवत असताना ते ठीक आहे, कारण त्या पट्टीवरून कोणाची वार्षिक पगारवाढ ठरत नाही. माणसाच्या कामाच्या फलकावर मात्र आकडा खाली येण्याची मुभा असलीच पाहिजे.

आमच्या व्यवस्थापकांविषयी माझ्या मनात राग नाही, निदान आता हे लिहिता लिहिता तो ओसरला आहे. त्यांनाही वर उत्तर द्यावे लागते, आणि वरच्या माणसाला एकच आकडा हवा असतो. माझा खरा संताप आहे तो बैठकीनंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तिला दिलेल्या सल्ल्यावर: "एवढे टास्क उघडायचेच कशाला? डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवायचं, नंबर हलत नाही." त्यांनी हे आपुलकीने सांगितले, हेच मला अधिक भयंकर वाटते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी या मुलीला आपण शिकवतो आहोत की सापडलेले काम लपवावे, आणि मग प्रकल्प ९० टक्क्यांवर महिनोन्महिने अडकून पडला की आपणच एकमेकांकडे पाहत बसतो.

पुढच्या आढाव्यासाठी मी लेखी मागणी करणार आहे की आमच्या फलकावर एका टक्केवारीऐवजी तीन आकडे वेगवेगळे दिसावेत: पूर्ण झालेले, उरलेले, आणि या आठवड्यात नव्याने सापडलेले. तिसऱ्या रकान्यात ज्याने भर घातली, त्याचे त्या बैठकीत नाव घेऊन आभार मानले जावेत. तुमच्यापैकी जे चमू सांभाळतात त्यांनी असा रकाना ठेवला असेल, तर तो वरिष्ठांच्या गळी कसा उतरवला, ते कृपया खाली लिहा.