खुलासा: ‘हामार्तिया’ म्हणजे स्वभावदोष नव्हे

‘ग्रीक शोकांतिकेचा नायक गर्वामुळे कोसळतो, असं ॲरिस्टॉटलने सांगितलंय, उदाहरण ईडिपस’ हा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’ या ग्रंथाच्या १३व्या प्रकरणातला शब्द आहे हामार्तिया, म्हणजे चूक; त्याचं क्रियापद नेम चुकण्यासाठीही वापरलं जाई. नायक दुष्टपणामुळे नव्हे, मोठ्या चुकीमुळे पडतो, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. सोफोक्लीजच्या नाटकातला ईडिपस करिंथच्या राजालाच बाप समजतो, ‘तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील’ ही भविष्यवाणी टाळायला करिंथकडे पाठ फिरवतो आणि तिठ्यावर खऱ्या बापाला, लायसला, मारतो. तापट तो आहेच, तिथेही. पण घात करतं ते समोरचा बाप आहे हे ठाऊक नसणं. आईशी लग्नही तसंच. दोन्ही गोष्टी नाटक सुरू होण्याआधीच घडलेल्या असतात. हट्टाचं उदाहरण हवंच, तर सोफोक्लीजच्याच ‘अँटिगनी’ नाटकातला राजा क्रेऑन घ्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे ही दुरुस्ती टाका.