धक्कादायक प्रसंगाची आठवण म्हणजे फोटो नव्हे

‘मोठा धक्का बसला की मेंदू त्या क्षणाचा फोटो काढतो, तो कधीच बदलत नाही,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ही कल्पना १९७७ मध्ये ब्राऊन आणि कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी मांडली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, असं त्यांनी लोकांना विचारलं. पण उत्तरं पडताळायला त्या वेळची नोंदच नव्हती.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळलं. दुसऱ्याच सकाळी नाइसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कशी कळली याची हकिगत लिहून घेतली. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर सुमारे पाव जणांचे सगळेच मुख्य तपशील चुकले. वर्गात बातमी ऐकलेली विद्यार्थिनी आता ती खोलीत टीव्हीवर पाहिल्याचं छातीठोकपणे सांगत होती! स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवूनही मूळ आठवण परत आली नाही.

यात खोटेपणा नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. पुन्हापुन्हा सांगताना, टीव्हीवरची दृश्यं पाहताना आठवण नव्याने जुळत जाते. घटना घडली हे लोक विसरत नाहीत. बदलतं ते आपण कुठे होतो, कुणी सांगितलं, एवढंच.